पाचवा

पिंपळखुट्याच्या चौकीत माझं काम लिहिण्याचं.
गुपचूप नेलं, तर चोरी.
कुलूप तोडून, घरफोडी.
राखणाऱ्यानंच विकून खाल्लं, तर अपहार, त्याचं कलम वेगळं.

पंचफुला कुमरे समोर उभी,
हातात कापलेलं दावं.
"तीन बकऱ्या, साहेब. कबरी गाभन होती."
"जाग्या होता तुम्ही?"
"हाव. इळा धरला ना माह्या गळ्यावर."
इळा आला, म्हणजे जबरी चोरी.
खोडलं, नव्यानं लिहिलं.

"किती जण?"
"पाच. चार आंगनात,
एक फाट्यावर, गाडी चालू ठेवून."
बाई, पाच म्हणजे दरोडा.
लांब उभा राहणाराही त्यात मोजतात,
शिक्षा त्यालाही तेवढीच.

ती दाव्याची गाठ सोडत राहिली.
बाहेर कोणी तुरीच्या शेंगा भाजत होतं.
"गाडी ओळखली?"
"अंधार होता."
मग, माझ्याशी नव्हेच जणू,
"सायलेन्सर फुटलं हाये तिचं.
सहा महिने झाले म्हनून राह्यलो,
नीट करून घे, नीट करून घे..."

गाठ पुन्हा मारली.
"चारच लिहा, साहेब."

त्या पानावर आधीच
एक खाडाखोड होती.