नोंदणी

जांबोटीत रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर.
रात्री पावणेतीनला तिथंच बसले होते,
मांडीवर लॅपटॉप, अंगावर बाबांचं घोंगडं,
तेव्हा उपग्रहाचा निरोप आला:
गॅमा किरणांचा स्फोट.
एकोणीस सेकंद. संपला.

तो उजेड निघाला तेव्हा सूर्यच नव्हता,
मलप्रभा तर कुठली.

बाबा, म्हणजे मोनाप्पा क्लार्क,
यांच्या पंचायतीतल्या जुन्या वहीत
जन्माची पानं जवळजवळ कोरी.
बाळ झालं म्हणून सांगायला
घाटातनं कोण उतरतंय?
गेलं की मात्र यावं लागे,
पुरायलाही चिठ्ठी लागे.
भरमाक्का सुईण
अंगठ्याची शाई पदराला पुसत म्हणायची,
"तीन दिसांचं हुतं, लिवा."
बाबा कन्नडात लिहायचे.
मरण दोन्ही भाषांत मरणच,
नोंदणी नोंदणीच.

त्या वहीवरनं मी पहिला हिशेब शिकले:
इतकी गेली, तर त्या वाडीत
पाळणे किती हलले असतील?

वरही तेच.
थोरले तारे अल्पायुषी,
डोळे उघडतात न उघडतात तोच फुटतात,
म्हणून स्फोट जिथं, तिथं नुकतंच बाळंतपण.
मंद, चिवट, जगून राहिलेले
इतक्या लांबून दिसतच नाहीत.
त्यांची वर्दी कुणी दिली नाही.

"एका स्फोटामागं तारे किती धरलेस?"
सर फोनवर विचारतात.
सगळ्या वाड्या सारख्या नसतात, सर.

बाबांनीही विचारलं होतं, "एकूण किती गं?"
भरमाक्का हसली होती.
"जगल्यालं मोजत्यात व्हय कोण?"

मी वेळ टिपते, दोन सत्तेचाळीस.
पुढचा रकाना तसाच ठेवते.