फील्ड नंबर सात

गायत्रीनगरच्या आयटी पार्कात, मे महिन्याच्या दुपारी,
कूलरमधला वाळा भिजून भिजून काळा पडलेला,
मी लांजेवार मॅडमचा स्कीमा उघडून बसलोय.
सिकलसेल तपासणीचा. अकरा फील्ड.
नाव, वय, गाव, नमुना क्रमांक वगैरे
आणि सातवं: निकाल.

तारेवरून जातो तो नुसता सात,
मागे दोन अक्षरं, एएस नाहीतर एसएस.
मॅडमनी चौकोनी कंसात जे लिहिलं
ते घरीच राहतं, स्कीमात,
कोणत्या पाकिटात बसत नाही.

महिनाभर मी डिस्क्रिप्टरला विचारत होतो,
ह्या फील्डचे ऑप्शन दे.
रिकामं यायचं.
म्हणजे अगदीच रिकामं नव्हे,
तळाशी 'अनोळखी' म्हणून एकशे सतरा बाइट.
शेजारून तन्वीर म्हणे,
"काऊन डोकं खपवून राहिला बे? कमेंट असंन."
कमेंट असती तर कंपायलरनं झाडून टाकली असती.
हे टिकलं होतं.

आज सापडलं.
ऑप्शनची व्याख्या दुसऱ्याच फाइलीत,
जी मी कधी जोडलीच नव्हती.
एक ओळ लिहिली, इम्पोर्टची.
पन्नास हजार एक ह्या आकड्याला नाव मिळालं
आणि तेच बाइट बोलले:

एकट्याला सांगू नका. आधी बसायला खुर्ची द्या.

मॅडम आधी मेडिकलच्या खिडकीवर रिपोर्ट वाटायच्या,
कोडिंग चाळिशीत शिकल्या,
एवढंच ऐकून होतो.
मग लूप फिरवला, सगळ्या फील्डवरून.

नाव: नवऱ्याचं आपण होऊन लावू नका.
गाव: टोल्याचं नाव सांगितलं तरी चालतं.
वय: काही नाही.
फोन: हा बहुतेक शेजाऱ्याचा असतो.

फोनपाशी थांबलो.
दुसऱ्या खिडकीत एसएमएसचं फंक्शन उघडं होतं,
माझंच, मार्चमध्ये लिहिलेलं,
सात घेतं, नऊ घेतं, पाठवून देतं,
मधे कुठे खुर्ची नाही.

तन्वीर विचारतो, चहाला येतो का.
ये म्हटलं, तू हो पुढे.
आजवर किती गेले, मोजायची क्वेरी लिहून ठेवलीय.
कूलरची मोटर घरघरते, टाकीतलं पाणी संपत आलंय.
एंटर अजून दाबलेलं नाही.