चढ नसलेल्या गावात

एजंट मल्लिनाथ म्हणाला, पार्टी चांगली आहे,
फक्त जरा लांबची.
लांबची म्हणजे? मी विचारलं. अक्कलकोट?

ती आली एप्रिलच्या भर दोनला,
कुत्री टेम्पोखाली, गल्ली पालथी पडलेली.
डोक्यावर टॉवेल, आपलाच, पूर्व भागातला,
कुणी बांधून दिला कोण जाणे.
वरच्या खोलीच्या भिंतीला तिनं तळहात लावला,
चटका बसला, हसली,
आणि भाड्याच्या आधी विचारलं,
पाणी किती दिवसांनी येतं.
बायकोनं मला डोळ्यांनीच सांगितलं: द्या.

नाव एन्कार्ना.
दिवेलागणीपर्यंत गल्लीनं त्याचं येंकम्मा केलं.
विड्या वळणाऱ्या बायकांनी मानही वर केली नाही,
येंकम्मा काय, घरटी एक असतेच.

कोर्टासमोर बिराजदार टायपिस्ट. अकरा महिने, म्हणाला.
ती म्हणाली, मला पुष्कळ दिवस राहायचंय.
"पुष्कळ दिवसांचंच आहे की ओ हे.
अकरा झाले की अकरा, मग परत अकरा.
आमचे हत्तुरे मास्तर
एकवीस वर्षं अकरा महिने राहिले एका घरात."
ती बराच वेळ बोटं मोजत बसली.

कायमचा पत्ता, या रकान्यापाशी थांबली.
कागदाच्या पाठीवर आधी डोंगर काढला,
त्याला चिकटलेली चुन्याची घरं,
एकाचं अंगण म्हणजे खालच्याचं छप्पर.
आईचं घर होतं तिथं. आता त्यात
कुठल्याशा थंड देशाचं जोडपं, भाड्यानं.
फोन करून विचारतात,
लाकडं कुणाकडून घ्यायची,
शेजारीण सारखी का भांडते.
"भांडत नाही," ती म्हणाली, "बोलते."
बिराजदारनं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.
त्याला वाटलं, आमच्या गल्लीचंच चाललंय.

मग पोलिसांत, परदेशी भाडेकरूचा फॉर्म.
हवालदारानं मला विचारलं, तुम्ही मूळ इथलेच ना?
हो म्हणालो, आणि जीभ जरा अडली.
पणजोबा करीमनगरकडून आले, एक धोटा, एक बायको,
आणि मागाच्या खड्ड्याशेजारी झोपायची जागा,
भाडं मजुरीतून वळतं.
पेढीच्या वहीत त्यांच्या नावापुढं
शेवटपर्यंत "परगावचा" असंच.
आम्ही अजून जेवताना तेलुगू, हिशेबाला मराठी,
आणि माग अडकला की कन्नड.
एवढं काही त्या रकान्यात मावत नव्हतं.
सही केली.

पहिला आठवडा तिनं कानात कापूस घातला,
मीच दिला, कारखान्यातला.
चौथ्या दिवशी पहाटे तीनला नळ आला
तर तिची घागर सगळ्यात पुढं.
"आमच्याकडं पाणी उताराला पळतं," म्हणाली,
"मला सवय आहे मागं पळायची."
शेंगाचटणीनं नाक गळलं, भाकरी सोडली नाही.
जुलैत एका रात्री वीज गेली, माग थांबले,
आणि ती मोबाईलचा उजेड धरून खाली आली,
घाबरी:
काय झालं? कोण गेलं?

मार्चमध्ये मुदत संपली.
नवा कागद घेऊन वर गेलो,
पाचशे वाढवले होते, रीत म्हणून.
ती आमटीत कडक भाकरी मोडत होती.
"एक्कुव," म्हणाली, मान न उचलता.
आई भाजीवाल्याला म्हणायची, अगदी त्या सुरात.
"जास्त होतात. आणि जिन्याची तिसरी पायरी हलते,
आधी ती बसवा."

तीनशेवर आलो.
पायरी अजून तशीच आहे.
नवं माणूस जिना चढायला लागलं
की तीच वरून ओरडते,
तिसरी, ओ, तिसरी!