निळी-पांढरी वायर

आवाज येत नसला की गिऱ्हाईक आधी आवाज वाढवतं.
सोहारच्या या गाळ्यात एकोणीस वर्षं हेच बघतोय.
खलफान म्हाताऱ्यानेही चाळीसवर नेला होता.
चाळीसच्या पुढे आकडाच नाही.

पडदा नवाकोरा, दहा इंची, पुतण्याने बसवलेला.
चित्र सगळं येतंय. नकाशा, तारीख, उष्मा,
गाण्याची रेघ पुढे सरकतेय,
हिरव्या काठ्या वर-खाली नाचतायत,
बंद खिडकीतून समोरची वरात बघावी तशा.
"तीन आठवडे," तो बोटं दाखवत म्हणाला.
"बायको म्हणते, राहू दे अशीच."

दुपारचे दोन. बाहेर सेहेचाळीस.
उन्हात राहिलेला पाना फडक्याने उचलावा लागतो.
आधी फ्यूज. शाबूत.
मग दाराच्या स्पीकरला पेन्सिल सेल टेकवला,
आतून टक्क झालं, म्हणजे जीव आहे.
मग ते मुकं करायचं बटण,
जे दाबल्याचं आजवर एकानेही कबूल केलेलं नाही.
मग अर्थ.
आमच्या धंद्यात निम्मी दुखणी अर्थ नीट न लागल्याची.
पण इथे लागला होता.

मग माझा फोन जोडला.
तपासणीला मी नेहमी माझाच जोडतो.
इथल्या कितीतरी गाड्यांच्या यादीत
मुलं, मेहुणे, ड्रायव्हर यांच्या खाली
'परकार' म्हणून कुणीतरी पडून आहे.

तेवढ्यात जुलेखाचा फोन.
दहा इंची पडद्यावर तिचं नाव एवढं मोठं
मी कधी पाहिलं नव्हतं.
माझे दोन्ही हात डॅशबोर्डच्या पोटात.
खलफानने मदत म्हणून हिरवं बटण दाबलं.

सेकंद धावू लागले. सात. बावीस.
माइक चालू, स्पीकर बंद:
माझं तिला जात होतं, तिचं मला येत नव्हतं.
मी म्हणालो, "हं."
सवयीने. रात्री खाटेवर पडून म्हणतो तसाच,
एसीच्या घरघरीत तिचं निम्मं वाक्य हरवलं की.
थोड्या वेळाने, "हं, बरोबर."
मग अंदाजाने, "हो, कर की."

वायर सापडली.
निळी, अंगावर पांढरी रेघ, शेवईएवढी.
बाकीच्या तारा आवाज नेतात. ही काहीच नेत नाही,
सीटखाली झोपलेल्या ॲम्पला नुसतं ऊठ म्हणते.
पुतण्याला ती जास्तीची वाटली,
टेप गुंडाळून त्याने मागे सारली होती.
टेप सोडली. तांबं तांब्याला पिळलं.

सहा स्पीकर, चाळीसवर:
"...मग मी त्यांना आजच कळवते.
हो म्हणालात, बरं वाटलं.
इतकी वर्षं म्हणत नव्हतात."

शेजारचा पंक्चरवाला टायर सोडून उभा राहिला.
मी "ऐक, जुले" म्हणेपर्यंत तिने ठेवला होता.
चार मिनिटं बारा सेकंद,
एवढं दाखवून पडदा नकाशावर परतला.

खलफानने आवाज आठवर आणला.
"काय म्हणाली?"
मी म्हटलं, "आवाज साफ येतोय."

तीन रियाल त्याने मोजून दिले, वर एक खजुराची पुडी.
मी हात पुसत उभा,
आजवर कशाकशाला नाही म्हटलं ते आठवत.
मुलीचं पुण्याला शिकायला जाणं.
भावाने मागितलेली खाडीकडची पट्टी.
तिचं ते शिवणाचं दुकान, दोनदा.
आणि माझं परत येणं, त्याची तर मोजदादच नाही.
यातलं कुठलं, ते विचारायचं कसं?
पाचव्या सेकंदाला "काही ऐकू येत नाही" म्हणता आलं असतं.
तिला ते ऐकू गेलं असतं.

शेवटी फोन लावला.
कानाशी धरला. काहीच नाही.
रिंग वाजत होती ती प्राडोत, पार फाटकापाशी,
आणि म्हातारा ब्रेक दाबून
काच खाली करत होता.