वरंब्याचा खांदा

फेब्रुवारीत चिंबायच्या शेतांवर पांढरं दिसतं
ते बर्फ की मीठ,
हे बीबीनाज जिभेवर ठेवून सांगते.
मीठ.

तीनदा पाणी भरून मुरवलं, चर उपसला,
तरी एप्रिलात वाफ्याच्या कडेनं पापुद्रा आलाच
उतू गेलेल्या दुधासारखा.

भाचा सारसेनबाय ट्रॅक्टर चालू ठेवूनच ओरडतो,
खोल घालू?
नको. खाली निजलंय ते निजू दे.
वरवरच चाळव.

कापसाचं बी यंदा पोत्यातच राहिलं.
अर्धं रान ज्वारीला,
आणि कालव्यापासचा तो तुकडा,
जिथे गाढवही थांबत नाही,
ज्येष्ठमधाला.
चार वर्षं जातील, मावशी.
समुद्राला जायला किती लागली?

मग ओणवून ती सरी दाखवते.
पाणी चालतं तळातून, मीठ चढतं माथ्याला,
उंचावर बसायची भारी हौस त्याला.
म्हणून बी माथ्यावर नाही, तळात नाही.
इथे, खांद्यावर.
लेकरू घेतो तिथे.

सारसेनबाय इंजिन बंद करतो.
एवढी शांतता, की दाणा दाबल्याचं ऐकू यावं.

चहाचं पाणीही खारट.
मी सांगते, आमच्यात म्हणतात
खाल्ल्या मिठाला जागावं.
ती शेताकडे बघते:
ही किती वर्षं जागी आहे, विचार तिला.

आणि ओच्यातून बोटभर मूळ काढून देते.
चघळ.
आधी माती लागते.
मग बराच वेळ काहीच नाही.