बेरीज

डिसेंबरात तालिनला साडेतीनलाच दिवे लागतात
आणि माझं खरं काम तेव्हा सुरू होतं:
वर्षभरात आपल्या देशानं जगाशी काय काय केलं
ते एकशे बारा पानांत बसवायचं.
खातं परराष्ट्र असलं
तरी शेवटी ते खातंच. जमा, खर्च, शिल्लक.

पान तीनवर मंत्री. टाय निळा हवा, असं वरून आलंय.

यंदा आम्ही चिंता व्यक्त केली अडतीस वेळा.
त्यातली नऊदा गंभीर, दोनदा अतीव,
आणि मार्चमध्ये एकदा शब्दच पुरेना म्हणून
राजदूताला बोलावून घेतलं. खुर्ची दिली,
कॉफी दिली नाही.
(कॉफी न देणं अहवालात येत नाही.
पण ती द्यायची नाही हे ठरवायला
तीन माणसं पाऊण तास बसली होती, त्यात मी एक.)

मोठे देश नुसते खाकरले तरी बातमी होते.
आम्हाला वाक्य पूर्ण करावं लागतं,
व्याकरण सांभाळून.
ब्रसेल्सला उर्मो रात्री दोनपर्यंत
एका स्वल्पविरामासाठी भांडला,
समोर शिळी सँडविचेस, हीटर बंद.
मिळाला स्वल्पविराम.
पान सतरा. भिंग लावून बघावा.

एक दूतावास बंद केला, खर्च परवडेना.
तिथला झेंडा लीलोनं हातातल्या बॅगेत घालून आणला,
स्वेटरमध्ये गुंडाळून.
विमानतळावर विचारलं, आत काय आहे.
म्हणाली, कापड.

आता राहिलं पान एक्केचाळीस:
परदेशी अडकलेल्या नागरिकांना केलेली मदत.
हरवलेले पासपोर्ट, अटका, दवाखाने,
पेट्यांतून परत आलेले.
सगळं जुळलं. एक सालमे तेवढी उरली.

सालमे अगुर, वय नव्वद, मुक्काम रोसारिओ.
चव्वेचाळीस साली आईच्या पदराला धरून
सारेमाच्या किनाऱ्यावरून मासेमारीच्या होडीत चढलेली,
ती परत कधी आलीच नाही.
फेब्रुवारीत, तिकडे उन्हाळा भाजून काढत असताना,
ती आमच्या मानद वाणिज्यदूताकडे गेली.
तो पेशानं दातांचा डॉक्टर, आमची भाषा त्याला येत नाही.
त्यानं रात्रीच्या नंबरावर फोन लावून
तिच्याच हातात दिला.

इथे पहाटेचे तीन. ड्यूटीवर मैमू.
पलीकडून म्हातारी विचारतेय,
समुद्र गोठतो, मग वारा सुटतो,
आणि बर्फाच्या फळ्या किनाऱ्यावर
एकावर एक चढून बसतात, कडाकडा आवाज करत,
त्याला आपण काय म्हणतो गं?
चार दिवस झाले, आठवत नाही.

मैमू शहरात वाढलेली, तिलाही येईना.
तिनं बापाला उठवलं. तो जुना कोळी,
आधी शिवी दिली, मग शब्द दिला.
एकोणीस मिनिटांचा कॉल.
शेवटची चार मिनिटं कुणीच बोललेलं नाही,
पण फोनही ठेवलेला नाही.

तो शब्द मी इथे लिहीत नाही.
ज्यानं मागितला त्याला पोचला.

साहेब म्हणतात, ही काही वाणिज्य सेवा नव्हे.
पासपोर्ट हरवला होता का? नव्हता.
अटक? नाही. आजार?
मी जरा थांबले. नाही, म्हटलं.
मग कुठल्या रकान्यात टाकणार, बाई?

'इतर' या रकान्यात चौसष्ट होते.
काल सगळे घरी गेल्यावर मी पासष्ट केले.
खालची बेरीज तशीच ठेवली, घाईत म्हणा,
आणि फाइल छापखान्यात गेली.

वसंतात कुणीतरी एकाचा फरक शोधून काढील.
काढू दे. बसू तिघं, पाऊण तास,
खिडकीबाहेर खाडीवर असलाच तर थोडा बर्फ.
यंदा मात्र कॉफी मागवीन म्हणते.