यादी ताजी करताना

कूलरमधलं पाणी संपलेल्या खोलीत
मी मे महिन्यात पुराची यादी ताजी करायला बसतो.
खिडकीतून वैनगंगा दिसते, म्हणजे रेती दिसते,
मधोमध डांगरवाड्या, काठाला एक उलटा डोंगा
आणि त्याच्या सावलीत कुत्री.

पहिला नंबर राइस मिल, गभणे शेठ. ट्रॅक्टर दोन, ट्रॉली एक.
"आत्तापासूनच काहून बाप्पा? पाणी कुठं हाये?"
नाही म्हणूनच, मी म्हणतो.
आल्यावर कोण कोणाचं ऐकते!
तो हसतो. मग आवाज खाली आणून,
"ढिवर सोसायटीवाले येतीन का यंदा?
तलावाच्या लिलावापासून बोलत नाहीत माह्याशी."

धरणावरचे साहेब बदललेत.
नवे विचारतात, तुमचं गाव नेमकं कुठे पडतं?
सांगतो : तुम्ही दरवाजे उघडले
की सात तासांनी आमच्या शाळेच्या पायरीवर.
पलीकडे कागदावर पेन घासल्याचा आवाज.
तेवढ्यानंही बरं वाटतं.

तिसरा बंद.
चौथा क्रमांक अस्तित्वात नाही,
बाई इतकं गोड सांगते की मी दोनदा ऐकतो.
हा बोटीच्या इंजिनवाला इरफान. नागपूरला गेला म्हणतात,
इंजिन विकून की ठेवून, कोणालाच ठाऊक नाही.
नावापुढे प्रश्नचिन्ह काढतो. खोडत नाही.

आशाताई शेवंता मारबते. मागे लेकरू रडतंय.
"खाटेवरचे दोन, डायलिसिसवाला एक, गरोदर तिघी.
भाऊ, तारखाही लिहा,
एकीची ऑगस्टच्या सातला आहे."
रकाना नाही तारखेचा. समासात लिहितो.

पुढचा नंबर फोन करण्यासारखा नाही.
हिरामण दिघोरे, मच्छीमार सोसायटी, डोंगे तीन.
दोन वर्षांपूर्वीच्या चौदा फेऱ्या, एक मोडलेलं वल्हं,
बिल तेवीसशे चाळीस.
तीन सह्या झाल्या, चौथी अजून व्हायची आहे.
बिलाची झेरॉक्स पिशवीत टाकून
भर उन्हात स्कूटर काढतो.

मोहाखाली तो जाळं विणत बसलेला.
वर बघत नाही. मीही बिल काढत नाही.
सुतळीचं टोक दातात धरून बऱ्याच वेळानं म्हणतो,
"जाळं पाण्यात नाही फाटत, साहेब.
फाटलेलं असते, ते पाण्यात दिसते."

मला वाटलं, आता बिलाचं काढेल.
तो उठून घरात गेला
आणि आढ्याकडे बोट दाखवलं.
जाड पिवळ्या दोराचं वेटोळं, उंदरांपासून उंच.
"शेठचा हाये. मांगच्या पुरातला.
दरसाली उन्हात घालतो.
त्याले सांगजा, कुजला नाही म्हणून."

परतताना डांगरवाडीजवळ थांबून गभणेंना लावला.
शेठ, तुमचा दोर...
"माहीत हाये," तो म्हणाला.
पट्ट्याचा घरघर आवाज मागे चालूच.
"म्या मागतलाच नाही कधी.
तिथंच लागते ना तो."

स्कूटरच्या सीटवर, चटका बसत असताना,
यादीत लिहिलं :
दोर, साठ मीटर, मालक राइस मिल,
मुक्काम दिघोरेचं आढं.
संपर्क : दोघंही.

पिशवीत बिल तसंच.
उद्या सोमवार. ट्रेझरी अकराला उघडते.